आंबिलीचं मडकं आणि जॉर्जियाची सून

सुपातली ज्वारी अर्धी निवडून झाली होती. महालक्ष्म्यांच्या आंबिलीची ज्वारी मी गिरणीवाल्याच्या भरवशावर कधी सोडत नाही, दाणा न् दाणा नजरेखालून घालते. खडे एकीकडे, किडके दाणे दुसरीकडे असं चाललं होतं, तेवढ्यात न्हाणीतून पुन्हा तो आवाज आला. तोंडात पाणी खुळखुळवायचं आणि थुंकायचं. सकाळपासून मी तो ऐकत होते.

शेजारची इंदूबाई तिच्या गच्चीवर गाद्या वाळू घालत होती. ती कठड्यावरून खाली वाकली.

"ताई, तुमची सून काय पिऊन राहिली वं? गिलासात लाल-काळं काईतरी हाये. तोंडात घेते, गाल फुगवते अन् थुंकून टाकते."

"औषध असंल," मी म्हटलं.

"औषध थुंकते का कोणी?"

सूप तसंच ठेवून मी उठले. आकांक्षा न्हाणीतून बाहेर आली, हातातला गिलास विसळून पालथा घालत म्हणाली, "कोरा चहा होता, आई. जिभेचा सराव." आणि वर निघून गेली. जिभेला सराव लागतो हे मी पहिल्यांदाच ऐकलं. बोलण्याचा असेल तर माहेराहूनच करून यायचा.

आकांक्षा माझी सून. लग्न झालं हिवाळ्यात. लग्नानंतर ती आणि शुभम दोघंही आपापल्या नोकरीवर जॉर्जियाला परत गेले. शुभम तिकडं आपल्याकडच्या शिकणाऱ्या मुलांच्या वसतिगृहाचं काम पाहतो. इकडची कितीतरी पोरं डॉक्टरकी शिकायला तिकडं जातात. त्या पोरांच्या गणपतीत या दोघांची ओळख झाली. महालक्ष्म्यांच्या दिवसांत त्याच्याकडं नवीन मुलं येतात म्हणून त्याला सुटी नाही, पण सुनेच्या पहिल्या महालक्ष्म्या, म्हणून ती एकटीच आली. आमच्या घरात थोरल्या सुनेनं पहिल्या वर्षी नैवेद्याच्या स्वयंपाकाला हात लावायचा आणि मग पुढं तो तिनंच चालवायचा, अशी रीत आहे. मला सासूबाईंनी तसंच दिलं.

पण द्यायचं कोणाला, हे आधी कळायला पाहिजे.

ती बडनेऱ्याची. वडील नत्थुजी रेल्वेत, रुळावर पायी फिरून तपासणी करणारे. आई जमुनाबाई साधी, देवभोळी बाई. आकांक्षा रेल्वेच्या क्वार्टरात वाढली. व्याही सांगतात की लहानपणी ही मालधक्क्यावर उभी राहायची आणि बंद डब्यात मिरची आहे की सरकी, ते दुरूनच सांगायची. तेव्हा मी हसले होते. पुढं ती अमरावतीत फूड टेक्नॉलॉजी शिकली, संत्र्याच्या रसाच्या एका कारखान्यात लागली, मग नाशिक, मग जॉर्जिया. लग्नाची बोलणी माझ्या माहेरच्या नात्यातले अकोल्याचे महादेवराव यांनी केली. मुलगी काय करते, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एक्सपोर्टमध्ये आहे."

"कशाच्या?"

"द्राक्षाच्या."

आम्ही खूश. द्राक्षाला कोण नाव ठेवतं?

आता मात्र मला एकेक गोष्ट खटकू लागली. आल्या दिवशी तिनं मला विचारलं होतं, "आई, वरच्या खोलीतली उदबत्ती थोडा वेळ खाली देवघरात ठेवली तर चालेल का? मला काम करायचं आहे." असं कोणतं काम, की ज्याला उदबत्ती आडवी येते? अंगाला अत्तर नाही, केसात गजरा नाही. गजरा दिला तर हातात घेऊन बसली आणि मग माझ्याच वेणीत माळला. ठेच्याला हात लावला नाही. वऱ्हाडातली पोर आणि ठेचा नको म्हणते. पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधी नाकाजवळ नेते, जसं काही आम्ही त्यात विष कालवलं.

दुपारी ती आईशी फोनवर बोलत अंगणात गेली, तेव्हा मी तिचे इस्त्रीचे कपडे ठेवायला वर गेले. टेबलावर एक लाकडी पेटी उघडी होती. आत ओळीनं इवल्या इवल्या बाटल्या. एक बाटली उचलली, झाकण काढलं, नाकाशी नेली आणि तशीच दूर धरली. सडक्या अंड्याचा वास. आमच्या घरात अंडं कधी आलं नाही, पण शेजारपाजार आहे, वास ओळखू येतो. दुसरी उघडली तर ओल्या पुठ्ठ्याचा वास. मी पेटी होती तशी ठेवली आणि खाली येऊन शुभमला फोन लावला.

"शुभम, आकांक्षाजवळ बाटल्या कायच्या आहेत?"

तो हसला. "आई, तिलेच विचार ना."

"तुले माहीत नाही काय?"

"मले माहीत आहे. पण तूच विचार. मी सांगितलं तर म्हणशील, पोरगा बायकोची बाजू घेऊन राहिला."

मुलानं असं टाळलं की समजावं, आत काहीतरी आहे. संध्याकाळी प्रार्थनेत माझं लक्ष लागलं नाही. भगवंताला हात जोडले आणि डोळे मिटल्यावर बाटल्याच दिसल्या.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा मी सरळ विचारलं. आमचे हे एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. भांडण होणार असं दिसलं की मान खाली घालून जेवतात. तशी त्यांनी घातली.

"तू एक्सपोर्ट करते म्हणजे नेमकं कशाचं करते?"

"वाईनचं, आई."

वरण वाढा म्हणावं तितक्या सहज बोलली.

"महादेवराव तर द्राक्षं म्हणाले होते."

"मी त्यांना वाईनच सांगितलं होतं. अकोल्याहून अमरावतीला येईस्तोवर त्यांनी त्याची परत द्राक्षं केली."

ह्यांना ठसका लागला. तो हसण्याचा होता, मला कळतं.

"अन् त्या बाटल्या?"

"त्यात वासांचे नमुने असतात. चांगलेही आणि खराबही. बाटलीत बिघाड झाला तर कसा वास येतो, ते नाकाला पाठ व्हावं म्हणून. दारूचा थेंबही नाही त्यात. तुम्ही उघडून पाहा."

"मी कशाला उघडू," मी म्हटलं.

ती ताटातच पाहत म्हणाली, "अंड्याच्या बाटलीचं झाकण जरा सैल लागलं होतं, म्हणून म्हटलं."

ह्यांनी आता मान वर केली. एसटीवाल्याला दूरदेशीची गोष्ट निघाली की राहवत नाही. "देश केवढाक आहे गं तो?"

"आपल्या विदर्भापेक्षा लहान, बाबा. माणसं तर अमरावती-अकोला मिळून आहेत त्याहून कमी."

"मग वाईनमध्ये नंबर कितवा?"

"नंबर नका विचारू. बाहेर माल पाठवणारे मोठे म्हणजे इटली, फ्रान्स, स्पेन. जगात शंभर बाटल्या एका देशातून दुसऱ्या देशात गेल्या तर त्यात आमची जेमतेम एक."

आमची, म्हणाली. मी ते लक्षात ठेवलं.

"एवढुशा मालासाठी एवढं शिक्षण?" मी म्हटलं.

"जगासाठी एवढुसा, आई. त्या लोकांसाठी तेच घर चालवणारं. घरोघरी द्राक्षाचा मांडव असतो. मातीचे मोठाले रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरतात आणि त्यात रस आंबवतात, हजारो वर्षांपासून. पण गिऱ्हाईक एकच मोठं, रशिया. दहातल्या सहा-सात बाटल्या अजूनही तिकडंच जातात. दोन हजार सहा साली रशियानं दार लावलं. म्हणाले, तुमच्या मालात भेसळ आहे. तिथले लोक सांगतात की भांडण राजकारणाचं होतं. पण माल तर अडकला. सात वर्षं ते दार उघडलं नाही. तेव्हापासून त्यांनी दुसरी दारं शोधली, पोलंड, चीन, अजून कुठं कुठं. आता नवीन गिऱ्हाइकाकडं एक जरी खराब बाटली गेली तरी तो म्हणणार, रशिया खरंच बोलत होता. म्हणून माल निघायच्या आधी आम्ही चाखतो."

"संत्र्यासारखंच झालं की," हे म्हणाले. "बांगलादेशानं कर वाढवला तवा अंजनगावात काय झालं होतं, इचार तुह्या सासूले."

मला विचारायची गरज नव्हती. माझ्या भावाची बाग अंजनगाव सुर्जीला आहे. त्या वर्षी व्यापारी बागेच्या बांधापर्यंत येऊन परत गेले आणि संत्रा झाडाखाली पडून राहिला. एकाच गिऱ्हाइकावर भरवसा ठेवला की काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. त्यामुळं तिचं म्हणणं मला समजलं. पण समजलं म्हणजे पटलं असं नव्हे. संत्रा खाऊन कोणी नालीत पडत नाही.

"चाखते म्हणजे पिते," मी म्हटलं.

"तोंडात घेते अन् थुंकते. दिवसाला कितीतरी चाखावे लागतात, पिलं तर दुपारपर्यंत मीच आडवी होईन."

"थुंकलं तरी जिभेले तर लागलंच ना?"

"लागलं," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. सारवासारव नाही, रडणं नाही. मी म्हटलं, "मग यंदा नैवेद्याच्या स्वयंपाकाले तू हात लावायचा नाही. दारात उभी राहून पाह. पुढचं पुढं पाहू."

"बरं, आई."

या 'बरं'नं माझा संशय आणखी वाढला. रागावली असती तर कळलं असतं की मनाला लागलं. इतक्या शांतपणे मान हलवणारी माणसं मी पाहिली आहेत; ती आपल्या वेळेची वाट पाहतात.

महालक्ष्म्या आणायच्या दिवशी सकाळपासून माझं नाक गच्च होतं. पावसात भिजत आघाडा-दुर्वा आणल्या, ती सर्दी भोवली. संध्याकाळी तुळशीपासून पावलं काढत ज्येष्ठा-कनिष्ठा घरात आल्या, मुखवटे बसले, साड्या नेसवून झाल्या. साड्यांच्या निऱ्या आकांक्षानं धरल्या, तेवढं मी करू दिलं. मग मी आंबील भिजवायला बसले. ज्वारीचं पीठ ताकात रात्रभर भिजवून आंबवायचं आणि दुसऱ्या दिवशी शिजवून नैवेद्यात वाढायचं. आमच्याकडं पुरणापेक्षाही तिला मान. ती भिजते ते मडकं सासूबाईंच्या हातचं, वर्षातून एकदाच माळ्यावरून उतरतं.

मी मडक्यात कढत पाणी ओतलं, विसळायला. स्वयंपाकघराच्या दाराबाहेर आकांक्षा उभी होती, सांगितल्याप्रमाणे, उंबरठ्याच्या पलीकडं.

"आई," ती म्हणाली, "त्या मडक्यात नका भिजवू."

मी तिच्याकडं पाहिलं. हीच ती वेळ, मला वाटलं.

"काहून?"

"कुबट वास येऊन राहिला. आत बुरशी धरली असंल. आंबिलीत तो उतरला तर मग जात नाही."

"तू हुंगलं मडकं?" माझा आवाज चढला. हुंगलेलं फूलसुद्धा आम्ही देवाला वाहत नाही, आणि ही नैवेद्याचं भांडं हुंगते.

"नाही, आई. मी इथंच आहे. तुम्ही पाणी ओतलं तशी वाफ इकडं आली."

मी मडक्यात वाकले. सर्दीनं मला काहीच कळेना. इंदूबाई हळदी-कुंकवाला आली होती, तिला बोलावलं. ती म्हणाली, "येते थोडासा. पण जुन्या मडक्याले येतेच ना वास?" ह्यांना बोलावलं. त्यांनी दुरूनच नाक पुढं केलं. "मले तर काहीच नाही येत."

"बाबा, खर्रा खाल्ल्यावर नाही येणार," आकांक्षा म्हणाली आणि लगेच ओठ चावला.

तंबाखू-सुपारीचा तो खर्रा ह्यांनी सोडला होता. म्हणजे मला तसं सांगितलं होतं. हे पुढच्या खोलीत गेले. इंदूबाई पदरानं तोंड झाकून हसू लागली. मला मात्र हसू येईना. पुढ्यात मडकं होतं आणि उद्याचा नैवेद्य होता. हिचं ऐकलं तर सासूबाईंच्या मडक्यातली आंबील पहिल्यांदाच चुकणार, तीही दारू चाखणारीच्या सांगण्यावरून. नाही ऐकलं आणि ती खरी असली, तर देवीपुढं खराब अन्न वाढलं जाणार, आणि मला ते कळणारही नाही, कारण नैवेद्य आम्ही आधी चाखत नाही. इतकी वर्षं माझं नाकच मला सांगत आलं होतं. तेच आज बंद.

मग मी एक केलं. ते करताना मनात देवीची क्षमा मागितली. तिला म्हटलं, जा, बाहेर बस. मडक्यातलं पाणी एका वाटीत घेतलं, स्टीलच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, तापवलेलं दुसऱ्या वाटीत. दोन्ही वाट्या सारख्या, पाणी सारखंच दिसणारं. इंदूबाईच्या हाती पाठवल्या. कोणती कोणती ते इंदूबाईलाही सांगितलं नाही, तिचा चेहरा काहीच लपवत नाही.

इंदूबाई परत आली. "म्हणते, उजव्या हातातली मडक्याची."

खरं होतं. योगायोगही असू शकतो. पुन्हा भरून पाठवल्या, हात बदलून. पुन्हा खरं. तरी माझं मन मानेना. तिसऱ्या वेळी मी दोन्ही वाट्यांत गंजातलंच पाणी घातलं. इथं पकडली जाते, असं मला वाटलं. खोटं बोलणारा माणूस असा पेच पडला की काहीतरी ठोकून देतो.

या वेळी आकांक्षा स्वतःच दाराशी आली, दोन्ही वाट्या हातात घेऊन. "आई, दोन्हींत साधंच पाणी आहे," ती म्हणाली. "संशय असंल तर अजून पाठवा, मी बसली आहे. पण पीठ भिजवाले उशीर होऊन राहिला."

मी मडकं बाजूला सारलं. आंबील गंजात भिजवली. इंदूबाई पाहत होती म्हणून मी म्हटलं, मडक्याला चीर दिसली. सासूबाईंच्या मडक्याची बेअब्रू मला करवली नाही. पण रात्री पाठ टेकली तरी डोळ्यापुढं गंजच. पाण्याच्या वाट्या ओळखणं वेगळं आणि देवाचं काम वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरण वाटलं, वडे तळले, सोळा भाज्यांची भाजी झाली. शेवटी आंबील शिजायला ठेवली. नाक तसंच गच्च. आंबील आंबट झाली की जास्त आंबली, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी पळीनं ढवळत राहिले आणि दाराकडं पाहिलं. ती उंबरठ्याबाहेर उभी होती, न्हालेली, धुतलेलं लुगडं नेसून, हात मागं बांधून. लुगडं तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"आकांक्षा," मी म्हटलं, "हुंगू नको. वाफ आपोआप येईल तितकीच. काय येते ते सांग."

तिनं डोळे मिटले. मी आंबील वर-खाली करून वाफ दाराकडं जाऊ दिली.

"आंबट बरोबर आहे," ती म्हणाली. "ताकाचा वास आहे, ज्वारीचा आहे. जळलं नाही. आलं जरा जास्त झालं."

"अन् मीठ?"

मला वाटलं, म्हणेल बरोबर आहे. एवढं सगळं खरं निघाल्यावर कोणीही तेवढं जोडून देतो, बढाईपायी.

"मिठाचं मले नाही सांगता येत, आई. मिठाले वास नसते. ते तुमच्या हातावर."

मी पळी ठेवली. कालपासून ज्याची वाट पाहत होते ते खोटं हिच्या तोंडून निघत नव्हतं, आणि निघावं म्हणून मी किती जागा करून दिली होती. "आत ये," मी म्हटलं. "पाय धू अन् ये. पान तू वाढ. आंबीलही तूच वाढ."

ती लगेच आली नाही. "आई, मी ते काम सोडणार नाही," ती उंबरठ्याबाहेरूनच म्हणाली. "सोडीन असं वाटून बोलावत असाल तर नका बोलावू."

"मी इचारलं का तुले?"

मग ती आत आली.

नैवेद्य दाखवला, आरती झाली, सवाष्णी जेवल्या. आंबील तोंडात घेतल्याबरोबर हे म्हणाले, "मीठ कमी पडलं." खरंच कमी पडलं होतं. हात माझाच होता. आकांक्षानं मान वर केली नाही. खाली पाहूनच जेवली आणि पुन्हा वाढून घेतली.

तिचं काम मला अजूनही आवडत नाही. देवीला ते चालतं की नाही, हे मला माहीत नाही, आणि ज्याला माहीत आहे असा मनुष्य माझ्या पाहण्यात नाही. महालक्ष्म्या बोळवल्यावर आम्ही दोघींनी मागच्या अंगणात बसून ते मडकं उन्हात पाहिलं. तळाशी करडे ठिपके होते, माळ्यावरचं छप्पर यंदा गळलं त्याचे. ती म्हणाली, तिकडचे लोक रांजण चुन्याच्या पाण्यानं धुतात, झाडाच्या सालीच्या कुंच्यानं घासतात, आणि तरीही एखादा रांजण वास धरतोच, मग त्यात परत काही भरत नाहीत. मी म्हटलं, मग त्याचं काय करतात? म्हणाली, दारात ठेवतात, फुलझाड लावून. सासूबाईंच्या मडक्यात मी तुळस लावली.

द्राक्षांचा तोडा सुरू व्हायच्या आत तिला परत जायचं आहे. इंदूबाईनं काल कठड्यावरून विचारलं, "सून काय एक्सपोर्ट करते म्हणाल्या होत्या तुमी?" मी म्हटलं, वाईन. ती बराच वेळ गाद्या झटकत राहिली.

पितृपक्षात नवीन भांडं घरात आणत नाहीत, म्हणून ते त्याआधी झालं पाहिजे. उद्या सकाळी आकांक्षाला घेऊन कुंभाराकडं आंबिलीचं नवीन मडकं आणायला जायचं आहे.